पाय उचला, रेघ हाय!

आमच्या पीटीच्या बाईंनी एकदा शिक्षण खात्याच्या साहेबाला मैदानाच्या काठावर मागे हटवलं होतं. साहेब तपासणीला आलेले, पायात चकचकीत बूट. मागे शाळेच्या समितीचे अध्यक्ष, त्यांच्या मागे मोठ्या बाई, त्यांच्या मागे हार घेतलेला शिपाई. ही सगळी वरात मैदानात शिरणार, तोच शिट्टी वाजली. साहेब दचकून उभे राहिले. "पाय उचला, रेघ हाय!" बाई म्हणाल्या. साहेबांनी खाली पाहिलं, तर बुटाखाली चुन्याची रेघ विस्कटली होती. "आता मागं व्हा, अन् पाय उचलून या." साहेब भले माणूस, ते खरंच मागे झाले आणि पाय उचलून आत आले. अध्यक्षांचा चेहरा मात्र उतरला तो उतरलाच. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं असं माझं पक्कं मत आहे. सिद्ध करता येणार नाही, पण मतावर मी ठाम आहे.

आमच्या सौंसर गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नसे. 'चुनेवाली बाई' म्हणत, आणि म्हणताना तोंड वाकडं करत. शाळा भरायच्या तासभर आधी बाई मैदानावर हजर असत. दोन खुंट्या, मधे ताणलेली सुतळी आणि हातात तुपाचा जुना डबा. डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली. डबा हलवत उलटं चालत गेलं की सुतळीच्या कडेनं पांढरी रेघ उमटायची. आमच्या शाळेत टेनिस म्हणजे रिंग टेनिस. रबराची कडी जाळीवरून पलीकडे फेकायची आणि पलीकडच्या मुलीनं ती एका हातानं झेलायची, बस. पण त्याला रेघा हव्यात, आणि कालच्या रेघा धडधाकट असल्या तरी बाई आज नव्या टाकायच्या. त्या रेघेवर चप्पल पडो, सायकल पडो की कोणाची म्हैस, शिट्टी सगळ्यांना सारखीच.

हे मैदान काही आम्हाला कोणी ताटात वाढून दिलं नव्हतं. शाळेमागची ती रस्त्याकडेची जागा बाई नोकरीवर आल्या तेव्हा नुसती बाभळीची होती. बाईंनी पोरी लावून बाभळी काढल्या, दगड वेचले, मुरूम पसरला, पाणी मारून चोपला. एकोणीस वर्षं त्या मैदानावर पोरी खेळल्या. पोरांचं काय, त्यांना अख्खं सौंसर मोकळं होतं! नदी त्यांची, बाजाराची जागा त्यांची, देवळापुढचं पटांगण त्यांचं. पोरीला घराबाहेर पळता यावं, ओरडता यावं, घाम यावा अशी गावात एकच जागा होती, आणि ती चुन्यानं आखलेली होती. एवढीशी जागा, तीही लोकांच्या डोळ्यांत खुपत होती, याचा मला आजही संताप येतो.

बाई मूळच्या पांढुर्ण्याच्या, बौद्ध वस्तीतल्या. वडील जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलत, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाई, आणि बाईही लहानपणी आईसोबत कपाशीतलं गवत काढत. शिकून सौंसरला नोकरी लागली, तेव्हा खोली शोधायला निघाल्या. खोली रिकामी असायची, घरमालक हसून बोलायचा, आणि आडनाव ऐकलं की त्याच क्षणी ती खोली भाड्यानं गेलेली असायची. दोन वर्षं त्यांनी पांढुर्ण्याहून बसनं येणंजाणं केलं, पण सकाळच्या रेघा कधी चुकल्या नाहीत. शेवटी एका पोस्टमनच्या विधवेनं खोली दिली. ज्यांनी खोल्या नाकारल्या, त्यांच्याच पोरी बाईंच्या हाताखाली शिकल्या. बाईंनी त्या पोरींना कधी वेगळं वागवलं नाही. मी असते तर वागवलं असतं.

गळ्यात काळी दोरी आणि दोरीला पितळेची शिट्टी. ही शिट्टी त्यांच्या गळ्यातून लग्नाकार्यातही निघत नसे. पोरींनी विचारलं, "बाई, झोपतानाही असते का?" तर म्हणाल्या, "हो, सपनात तुमीच चुकून राहता ना!"

खेळात भांडण झालं की आम्ही बाईंकडे धावायचो. रिंग आत पडली की बाहेर? बाई कधी पटकन सांगत नसत. "मले नोको विचारू, चुन्याले विचार," असं म्हणून रेघेपाशी उकिडव्या बसायच्या. रिंग रेघेवर पडली असेल तर चुना उडालेला असतो, रेघेला बारीक खळगा पडलेला असतो. तो बोटानं दाखवायच्या. मग मोठ्या घरची पोर असो की विटा वाहणाऱ्या रेजाची, निकाल तोच. माझ्याविरुद्ध एकदा निकाल गेला तेव्हा मी रडायला लागले. "काऊन रडून राहिली वं कुंदे? चुन्यानं का तुह्याशी दुश्मनी केली?" मला हसू आलं, आणि मी पुढची रिंग फेकली.

माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण या गोष्टीत माझेही हात स्वच्छ नाहीत. माझे बाबा कापड विकत. दुकान नव्हतं. सायकलच्या मागे गठ्ठा बांधून मोहगावचा बाजार, रामाकोन्याचा बाजार, शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाची गर्दी, असं त्यांनी वीस वर्षं केलं. सौंसरच्या रस्त्यावर आपलं एक दुकान असावं, एवढं एकच स्वप्न त्यांनी पाहिलं. मी दहावीत गेले त्या उन्हाळ्यात मी शाळेच्या रिंग टेनिसच्या चमूत होते, आणि पावसाळ्यानंतर छिंदवाड्याला जिल्ह्याचे सामने होते. बाई म्हणायच्या, या वर्षी आपण जिंकून राहिलो. बाई म्हणाल्या म्हणजे आम्ही ते खरंच धरून चाललो होतो.

त्याच उन्हाळ्यात बाईंना लंडनला जावं लागलं. त्यांची धाकटी बहीण शांता नर्स होऊन तिकडच्या दवाखान्यात लागली होती. तिचं पहिलं बाळंतपण. आई राहिलेली नव्हती, मग बहिणीनं बहिणीचं करायचं नाही तर कोणी? शांताबाईंनीच तिकीट पाठवलं. सुट्टी संपून वर पंधरा दिवस रजा लागणार होती, आणि एकोणीस वर्षांत बाईंनी मागितलेली ही पहिली रजा. शिक्षकांच्या खोलीत काय खिदळणं चाललं होतं! म्हणे, बाळंतपणाला लंडन! म्हणे, तिकडेही चुना टाकून येणार! बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अध्यक्षांना मात्र जाऊन भेटल्या, आणि एकच गोष्ट मागितली. "मैदानाकडं ध्यान ठेवजा."

"बाई, तुम्ही निर्धास्त जा," अध्यक्ष म्हणाले. "मैदानाला कोणी हात लावत नाही."

आणि एवढ्यावर भागलं नाही. शाळेत बाईंचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. 'आपल्या शाळेची शिक्षिका सातासमुद्रापार' वगैरे भाषण अध्यक्षांनीच ठोकलं. आम्ही पोरींनी स्वागतगीत म्हटलं. बाई संकोचून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. त्या वेळी अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात मैदानावर बांधायच्या गाळ्यांचा नकाशा तयार होता, हे मला नंतर कळलं. बाईंच्या खांद्यावर शाल घालणारे ते हात आठवले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

निघताना बाईंनी तुपाचा डबा माझ्या हातात दिला. "कुंदे, शाळा उघडली का रोज सकाळी रेघा टाकजो. तिरप्या टाकू नोको. मी येतो तवा मले सरळ दिसल्या पायजे." मी मान डोलावली. बाईंचा डबा मला मिळाला या अभिमानात मी घरी आले.

बाई गेल्या आणि आठवड्याभरात मैदानावर पहिली कुदळ पडली. शाळेला सुट्टी होती, पाहणारं कोणी नव्हतं. जूनअखेर पोरी शाळेत आल्या, तर मैदानाच्या जागी खंदक. विटांचे ढीग, वाळू, लोखंडी सळया. बाहेर पाटी लागली होती, शाळेच्या उत्पन्नासाठी दहा गाळे. मी डबा घेऊन तिथेच उभी राहिले. पोरी ओरडल्या, "कुंदे, आपण मोठ्या बाईंकडे जाऊ, चल!" मी गेले नाही. कारण आदल्या संध्याकाळी बाबा पेढे घेऊन आले होते. आईच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले होते, "तीन नंबरचा गाळा आपला." मी तो पेढा खाल्ला होता.

पोरी माझ्याशिवाय गेल्या. मोठ्या बाईंनी समितीकडे बोट दाखवलं, समितीनं मोठ्या बाईंकडे. गावातला एक माणूस बोलला नाही, सगळे मूग गिळून बसले. दहा गाळे म्हणजे दहा घरं गप्प. त्यातलं एक आमचं.

मग जुलैच्या सुरुवातीला बाईंचं पत्र आलं. निळं, पातळ, विलायती तिकिटाचं, 'रिंग टेनिसच्या पोरी' असा पत्ता. आम्ही सातजणी खंदकाच्या काठावर विटांवर बसलो आणि मी मोठ्यानं वाचलं. बाई बोलत तशाच लिहीत. ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे.

"पोट्ट्याहो, शांताले पोरगी झाली. दोघी खुशाल हाय. काल मी इथचं ते गवतावरचं मोठं टेनिस पाहून आली. शांता म्हने, ताई, सकाळी लाईनीत लागलं का तिकीट भेटते. मी सहा वाजता लागली. कोसभर लाईन, पन कोनी कोनाले ढकलून नाई राहिलं. संग भाकर अन् जवसाची चटनी होती. पुढं एक गोरी म्हातारी उभी होती, तिले देली. तिच्या डोळ्यातून पानी आलं, पन अजून मांगली.

"गवत पाहून मी तं येडीच झाली. आमी कपाशीतलं गवत काढू काढू बोटं सोलले, अन् हे लोक गवत पेरते, त्याले पानी देते, केसावानी कापते! मोठ्या मैदानावर मी बसली नाई, तिथी मानूस दिसत नाई. बाजूच्या बारक्या मैदानावर दोन पोरी खेळून राहिल्या होत्या, तिथी अगदी रेघेपाशी जागा भेटली. अन् पोट्ट्याहो, रेघ चुन्याचीच हाय! आपल्यासारखीच!

"त्यातली बारकी पोरगी हारून राहिली होती. तिनं एक बॉल मारला, तो रेघेवर पडला. चुना उडाला. मी माह्या डोळ्यानं पाह्यला. अन् रेघेवर बसलेला मानूस म्हने आऊट. आऊट! ती पोरगी बिचारी काई बोलली नाई. माह्याच्यानं राहवलं नाई. मी शिट्टी मारली."

इथे आम्ही सातजणी किंचाळलो. खंदकात काम करणारा मिस्त्री वर पाहायला लागला. मी पुढे वाचलं.

"सगळं मैदान चूप. दोघी पोरी थांबल्या. उंच खुर्चीवरचा साहेब माह्याकडं पाहायला लागला. मी उभी राहून म्हनलं, चुना उडाला ना! मराठीतच म्हनलं, घाईत इंग्रजी कुठून येते? मंग ड्रेसवाला एक मानूस आला, मॅडम मॅडम करत मले बाजूले नेलं. म्हने इथी शिट्टी चालत नाई, खेळ संपेपर्यंत आमच्यापाशी ठेवा. मी म्हनलं, ठेवतो, पन चुना उडाला का नाई ते पह्यले सांगा. तो हासला. म्हने, मॅडम, मले बी तसंच वाटलं. अन् त्यानं मले चिठ्ठी लिहून देली. पितळेची शिट्टी एक, काळी दोरी एक, खाली सही. संध्याकाळी दारावर चिठ्ठी दाखवली तं शिट्टी परत देली, वरून तसदीबद्दल माफी मांगली. पॉइंट काई बदलला नाई. पन ती पोरगी माह्याकडं पाहून हासली, अन् पुढचे दोन गेम जिंकली.

"चिठ्ठी तुमाले दाखवाले आनून राहिली. रेघा रोज टाकून राहिल्या ना? कुंदेले म्हना, तिरप्या टाकू नोको."

पत्र वाचून कोणी हसलं नाही. एक पोरगी रडायला लागली. मी घडी घालून पत्र डब्यात ठेवलं, आणि डबा घरी नेऊन पलंगाखाली सरकवला. बाईंना लिहून कळवायला हवं होतं. माझ्याकडे पत्ता होता. मी कळवलं नाही. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

बाई आल्या त्या नागपूरहून बसनं, सरळ शाळेत. हातात बॅग, अंगावर प्रवासाची साडी. मैदानाच्या काठाशी आल्या आणि जिथे पहिली रेघ असायची तिथे सवयीनं पाय उचलला. पुढे खंदक. उचललेला पाय तसाच मागे घेतला. आम्ही वर्गाच्या खिडक्यांतून पाहत होतो. बाईंनी बॅग खाली ठेवली आणि शिट्टी वाजवली, एवढी लांब की दम संपला तेव्हाच थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुंदे, डबा आन." मी धावत घरी जाऊन डबा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामकरी आले, तर सगळ्या बांधकामावर चुन्याच्या रेघा. विटांच्या ढिगावरून गेलेल्या, वाळूवरून गेलेल्या, खंदकात उतरून पलीकडे चढलेल्या. पण सरळ! सुतळी ताणून टाकलेल्या. विटा वाहणाऱ्या रेजा काठावर आल्या आणि थांबल्या. त्यातल्या चौघी याच शाळेत पाचवीपर्यंत शिकलेल्या. ठेकेदार ओरडला, "काय पाहून राहिल्या? चला कामाले!" त्यातली एक डोक्यावरचं घमेलं खाली ठेवत म्हणाली, "बाईची रेघ हाय. तिच्यावर भिंत कशी घालाची?" आणि चौघी खाली बसल्या. त्यांना पाहून बाकीच्या बसल्या. तीन दिवस एक वीट हलली नाही. त्या तीन दिवसांत सौंसरातल्या शिकल्यासवरलेल्या एकाही माणसानं जे केलं नाही, ते रोजीवर जगणाऱ्या त्या बायांनी रोजी बुडवून केलं. त्यांची नावं शाळेच्या कुठल्या फलकावर नाहीत. देणगीदारांची आहेत.

चौथ्या दिवशी समितीनं बाईंना बैठकीला बोलावलं. आम्ही पोरी बाहेर खिडकीला चिकटलो. अध्यक्ष गोड बोलले. "बाई, शाळेला उत्पन्न नको का? आणि पोरींनी उड्या मारून काय व्हायचं आहे? उद्या चुलीपुढेच बसायचं आहे ना?" सगळी समिती हसली.

बाईंनी पर्समधून ती चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "हे वाचा. माही शिट्टी, पितळेची, जुनी. परक्या मुलकात मी त्याइच्या खेळात गडबड केली. गलती माही होती. तरी त्याइनं शिट्टी घेतली तं चिठ्ठी देली. संध्याकाळी परत देली, वरून माफी मांगली. तुमी माह्या पोट्ट्याईचं मैदान घेतलं. माही पाठ फिरली तवा घेतलं, अंगावर शाल घालून घेतलं. त्याची चिठ्ठी कुठी हाय, साहेब? कोन्या दारावर दाखवू म्हंजे मैदान परत भेटन?"

अध्यक्षांनी चिठ्ठी उलटसुलट केली आणि शेजारच्याला दिली. "बाई लंडनहून पावती घेऊन आल्या," ते म्हणाले, आणि पुन्हा हशा. चिठ्ठी हातोहात फिरली. एकानं तिच्यावर चहाची कपबशी ठेवली. मला खिडकीतून आत उडी मारून त्याची ती बशी फोडावीशी वाटली, आणि उडी मारली नाही याचा राग आजही माझ्यावरच येतो.

बाईंनी बशी बाजूला केली, चिठ्ठी पदरानं पुसली, घडी केली. मग टेबलावरची गाळेवाल्यांची यादी उचलली. "कोनाकोनाले देलं मैदान, ते तं वाचू द्या पोट्ट्याईले ऐकू येईल असं." एक नंबर वाचला. नाव, बापाचं नाव, सगळं खणखणीत. दोन नंबर वाचला. पोरी एकमेकींकडे पाहत होत्या. बाईंचं बोट तीन नंबरवर आलं, आणि त्यांनी वर पाहिलं. खिडकीत मी. "अन् चार नंबर," त्या म्हणाल्या, आणि पुढची नावं वाचली. तीन नंबर त्यांनी वाचला नाही.

आठवड्यात ठेकेदारानं परगावचे मजूर आणले. त्यांना ना बाई माहीत, ना रेघ. गाळे उभे राहिले. बाईंनी आम्हाला दर रविवारी छोट्या रुळांच्या गाडीनं रामाकोन्याला नेलं आणि स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत रेघा मारून सराव घेतला; डबा न्यायचं-आणायचं काम पुन्हा माझ्याकडे. छिंदवाड्याला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. परतल्यावर अध्यक्ष म्हणाले, "पाहा, मैदान असून तरी काय उपयोग होता?" या बोलण्यावर काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा!

आणि मग शाळेनं शोध लावला की मैदान नाही तर पीटी कशाची. बाईंना शिवणाचा तास दिला. एकोणीस वर्षं मैदान गाजवलेल्या बाईला सुईदोरा! बाईंनी तोही तास मन लावून घेतला. गळ्यात शिट्टी तशीच, हातात कात्री. पोरींनी टाका तिरपा घातला की शिट्टी वाजायची.

या शिवणामुळेच एक दिवस बाई आमच्या दुकानात आल्या. पोरींच्या शिवणासाठी कापड हवं होतं, आणि शाळेच्या जवळचं दुकान आमचंच. दोन-तीन वर्षं झाली होती. दुकान चांगलं चालत होतं. मी कॉलेज सांभाळून गल्ल्यावर बसत होते. बाई दारात दिसल्या आणि मी उभी राहिले, बाबाही उभे राहिले. "या बाई, या."

बाई आत आल्या. दोन पावलं सरळ टाकली, मग थांबल्या. साडीचा काठ जरासा वर धरला, पाय गुडघ्याएवढा उचलला आणि पुढे टाकला. खाली साधी सपाट फरशी होती.

"काय झालं बाई? काही पडलं आहे का?" बाबा गडबडीनं पुढे झाले.

"नाई भाऊ," बाई सहज म्हणाल्या. "इथी मागची रेघ हाय. सवय जात नाई. जरा पांढरं कापड दाखवा, जाडं पायजे, पोट्ट्या नवशिक्या हाय."

बाबांच्या हातातला मीटर तसाच राहिला. कापड मीच काढून दाखवलं. बाईंनी पोत पाहिला, भाव विचारला, कापड घेतलं. जाताना पुन्हा तिथेच थांबून पाय उचलला आणि बाहेर पडल्या. त्याआधी माझ्या गालावर नुसता हात ठेवला. मी त्यांना हे सांगायला हवं होतं की डबा अजून माझ्या पलंगाखाली आहे. तेही सांगितलं नाही.

त्या दिवशी दुकान बंद करताना बाबा बाहेर पडायला निघाले. दाराच्या आत दोन पावलांवर थांबले. खाली फरशीकडे पाहत राहिले. मग धोतर सावरलं आणि पाय उचलला.

बाई पुढे निवृत्त होऊन पांढुर्ण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. बातमी आम्हाला चार दिवसांनी कळली. शाळेत शोकसभासुद्धा झाली नाही. मैदान परत आलं नाही, आणि ते घेतल्याबद्दल कोणी चिठ्ठी दिली नाही, की माफी मागितली नाही. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. बाबांनी गाळा सोडला नाही, तेवढं मोठं मन त्यांचं नव्हतं, आणि माझंही नाही. पण बाबा त्यानंतर जितकी वर्षं दुकानात आले, तितकी वर्षं त्या जागी थांबले. शेवटी गुडघे गेले, डॉक्टरांनी पाय फार उचलू नका म्हणून सांगितलं. तरी दाराच्या आत दोन पावलांवर ते माझ्या खांद्यावर हात टाकायचे, दात आवळायचे आणि पाय उचलायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "काय हो भाऊ, काय आहे तिथं?"

"रेघ आहे," बाबा म्हणायचे. "बाईंची."